‘अरण्यानल’ आणि रत्नागिरीचे पब्लिक

१० एप्रिल १९२९. पाडवा.
कडुनिंबाची गोळी खाल्ली. नव्या वर्षाचे निश्चय केले. पहाटे पाचला उठायचे. सूर्यनमस्कार. तपकीर बंद. कोर्टातल्या इतर कारकुनांशी वाद घालायचा नाही, कारण समजावून उपयोग नाही. आणि मांडवीच्या वाळूत तंबू ठोकून जो सिनेमा येऊन बसला आहे त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही.

हा शेवटचा निश्चय पाळायला सर्वांत सोपा. बोटीतून त्यांच्या पेट्या उतरल्यापासून गावाला ताप भरला आहे. बैलगाडीत ताशा वाजवीत हँडबिले वाटत फिरतात. ‘अरण्यानल, अर्थात वनराणीची अग्निपरीक्षा. प्रत्यक्ष जळणारे अरण्य आपल्या डोळ्यांनी पाहा.’ दुसऱ्याच्या डोळ्यांनी कोण पाहणार? आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, सत्तरी उलटल्यावर ते हँडबिल घडी करून उशाखाली ठेवले आहे. आमच्या कुटुंबाने, कमलाने, विचारले, आपण कधी जायचे. मी म्हटले, आपण जायचे नाही. कमला म्हणाली, “बरं.” तिचे हे ‘बरं’ मला आवडत नाही.

११ एप्रिल.
उशिरा उठलो. श्रीखंड जड गेले. जड पोटाने नमस्कार घातले तर आतडे उलटे होते, असे कुठेसे वाचले आहे. उद्यापासून.

ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी ‘अरण्यानल’. शिरस्तेदारांनी विचारले, काय मुळ्ये, पाहिलात का? नाही म्हटले तर म्हणाले, मग बोलू नका. वास्तविक मी काही बोललो नव्हतो, फक्त नाक मुरडले होते. पण मुद्दा विचार करण्यासारखा. न पाहता नावे ठेवणे हे अडाण्याचे लक्षण, पाहून नावे ठेवणे हे विद्वानाचे. सबब उद्या जाणार. खुर्चीचे तिकीट काढणार. खुर्चीवरून पाहिले की ते इन्स्पेक्शन होते.

१२ एप्रिल.
गेलो. डोके दुखते आहे.

गोष्ट अशी. एका जंगलात लाकूडतोड्याची मुलगी राहते. तिला सगळे वनराणी म्हणतात. लाकडे तोडणाऱ्याची मुलगी, अंगावर जरीचे पातळ. संस्थानचा दिवाण तिला मागणी घालतो, ती नको म्हणते, म्हणून तो जंगल पेटवतो. नकार मिळाला म्हणून सरकारी जंगल जाळणारा दिवाण कोणत्या कचेरीत काम शिकला कोण जाणे. मग राजपुत्र घोड्यावरून येऊन मुलीला, तिच्या बापाला आणि एका गाईला वाचवतो. संपले.

जंगल म्हणजे पडद्यावर रंगवलेली झाडे आणि पुढे जमिनीत खोचलेल्या फांद्या. वारा आला की मागचा डोंगर हलतो. एकच माड निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जळतो. मी ओळखला, त्याचा शेंडा वाकडा आहे. आगीच्या वेळी सगळे चित्र लाल रंगात बुडवलेले, त्यामुळे वनराणी पान खाऊन रडते आहे असे वाटते. आणि कळस म्हणजे ऐन वणव्यात डाव्या कोपऱ्यातून कोटटोपी घातलेला एक इसम हातात बादली घेऊन येतो, आपले चित्र निघते आहे हे त्याच्या ध्यानात येते, आणि तो आल्या पावली परत जातो. हा मनुष्य कंपनीचा आग विझवणारा नोकर आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल.

रत्नागिरीच्या पब्लिकला कळले नाही. पब्लिक रडत होते. तंबूचे मालक काशीरामशेट पडद्याशेजारी काठी घेऊन उभे राहतात आणि ‘आता अग्निनारायण कोपला’ असे काहीबाही सांगत राहतात. पेटीवाला गाय पळाली की जलद वाजवतो, थांबली की सावकाश. माझ्या पुढच्या खुर्चीत एक नामांकित वकील होते. ते नाक शिंकरीत होते. मी एकटाच हसलो, तर त्यांनी मागे वळून शू केले.

१३ एप्रिल.
उठायला उशीर. डोकेदुखी सिनेमामुळे.

सकाळी चहाच्या वेळी सिनेमाची योग्य ती निंदा केली. आप्पा म्हणाले, घोड्याबद्दल काही बोलू नकोस. “घोडा काय उडवलान मेल्यानं. अगदी जाळावरून.” मी विचारले, आप्पा, तुम्हाला काय ठाऊक? तर परवाच जाऊन आले. खाली वाळूत बसून पाहिला. कोणाबरोबर? तर कमलाबरोबर. मी कमलाकडे पाहिले. ती म्हणाली, आप्पांना एकटे कसे पाठवायचे.  मी बाहेर जाऊन तपकीर ओढली. हा अपवाद.

कोटवाल्या इसमाबद्दल मी आप्पांना छेडले. आप्पा म्हणाले, तो जंगलखात्याचा. येतो, बघतो आणि जातो. त्यात खोटे काय आहे?

१४ एप्रिल.
एक मोठी कल्पना सुचली. रत्नागिरीच्या पब्लिकची टेस्ट किती रसातळाला गेली आहे हे सायंटिफिक रीतीने सिद्ध करायचे. प्रत्येकाचे ओपिनियन घ्यायचे, मग त्याच्या आधारे साप्ताहिकात असा लेख लिहायचा की काशीरामशेटने तंबू गुंडाळून पहिली बोट पकडावी. सखारामपंतांचा छापखाना आहे, साप्ताहिकही त्यांचेच. त्यांनी मागे माझे आंब्याच्या मोहोरावरील किडीविषयीचे पत्र छापले होते, म्हणजे लेखणीची त्यांना कदर आहे. लेख गाजला की वक्तृत्व मंडळाचे चिटणीसपद चालत येईल. सध्याचे चिटणीस बोलताना थुंकी उडवतात.

१६ एप्रिल.
ओपिनियने गोळा केली. मन विषण्ण आहे.

शिरस्तेदार: वनराणी त्यांच्या धाकट्या मेव्हणीसारखी दिसते. दोनदा पाहिला. (हे ओपिनियन नव्हे, कबुलीजबाब आहे.)

नामांकित वकील: दिवाणाविरुद्ध पुरावा भक्कम आहे. कोटवाला इसम हा ‘आय-विटनेस’, त्याला पुढे साक्षीला बोलावले नाही ही तेवढी चूक. मी म्हटले, अहो, तो कंपनीचा नोकर आहे. ते म्हणाले, नोकराची साक्षही चालते.

राही, आमच्याकडे भांडी घासते: गाय वाचली म्हणून तिने नवस फेडला. मी विचारले, कोणासाठी केला होतास नवस? म्हणाली, गाईसाठी. कोटवाल्याबद्दल तिचे मत असे: “देवच तो दादानू. कोट घालून इला. गाईला बघितलान, राजपुत्र येतोय ह्यां त्याला ठावं, म्हणून गेला.” मी तिला कॅमेरा, कंपनी, पडदा, सगळे नीट समजावून सांगितले. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, मग तो पाणी न ओतता का गेला? मी म्हटले, कारण तो नोकर आहे. ती म्हणाली, आपण नोकर आहे, आपण ओतलं असतं.

आमच्या सड्यावरचा, म्हणजे गावाबाहेरच्या कातळमाळावरचा, राखणदार बाबल्या: राजपुत्राचे काम मी याहून चांगले करीन.

एकही माणूस असा नाही की ज्याने म्हणावे, मुळ्ये, तुमचे खरे आहे. यावरून माझा सिद्धान्त सिद्ध झाला.

१७ एप्रिल.
लेखासाठी काही बारकावे पुन्हा पाहणे आवश्यक होते. गेलो. माडाचा शेंडा डावीकडे वाकलेला आहे.

१८ एप्रिल.
पुन्हा गेलो. अभ्यास म्हटला की अर्धवट सोडून चालत नाही. गाईचे वासरू धुरात मागे राहते आणि गाय मागे वळते तिथे माझ्या डोळ्यांना पाणी आले. शेजारचा इसम अत्यंत हलकी विडी ओढत होता. अशा लोकांना खुर्चीचे तिकीट देऊच नये. लेखात घालणार.

१९ एप्रिल.
लेख पुरा झाला. बारा पाने. एकेक वाक्य म्हणजे चाबूक आहे. उदाहरणार्थ: ‘असला चित्रपट रत्नागिरीने पूर्वी कधी पाहिला नव्हता, आणि परमेश्वराची कृपा असेल तर पुन्हा कधी पाहणार नाही. यातील आग पाहून अंगावर काटा येतो, तो आगीमुळे नव्हे, निर्लज्जपणामुळे.’

कमलाला वाचून दाखवला. ती डाळ निवडत होती. झाल्यावर म्हणाली, गाईबद्दल काही लिहिलेले नाही. मी म्हटले, गाईला समीक्षेत जागा नाही. “बरं,” म्हणाली.

सखारामपंतांना स्वहस्ते दिला. त्यांनी हातात तोलून पाहिला.

२० एप्रिल.
साप्ताहिक आले. लिलावाच्या नोटिसा ऐन वेळी आल्यामुळे जागा उरली नाही, असे सखारामपंत म्हणाले. त्यांनी लेख ‘थोडा आवरला’ आहे. छापले ते एवढेच:

‘मांडवी येथे सुरू असलेल्या “अरण्यानल”विषयी रा. रा. हरिश्चंद्र मुळ्ये लिहितात की, असला चित्रपट रत्नागिरीने पूर्वी कधी पाहिला नव्हता. यातील आग पाहून अंगावर काटा येतो.’

सखारामपंतांना म्हटले, ही दुरुस्ती नव्हे, खून आहे. ते म्हणाले, यात तुमचा नसलेला एक शब्द दाखवा. शोधला. नाही सापडला. हाच त्यांचा हलकटपणा.

२२ एप्रिल.
बैलगाडी आमच्या दारावरून ताशा वाजवीत गेली. गाडीतला माणूस ओरडून सांगत होता की कोर्टातले मुळ्येसाहेब म्हणतात, अंगावर काटा येतो. माझे नाव हँडबिलावर वनराणीच्या नावाखाली, गाईच्या वर. आप्पांनी दोन प्रती मागून घेतल्या, एक गुहागरला सुमेधाच्या सासरी पाठवतो म्हणाले. लेकीच्या सासरी असल्या जाहिरातीत माझे नाव जावे, यापरता अपमान कोणता. मी परवानगी दिली नाही. पाठवली.

ऑफिसात तिघांनी अभिनंदन केले. त्यांच्या अज्ञानाची कीव येऊन मी ते स्वीकारले.

२३ एप्रिल.
संध्याकाळी काशीरामशेट स्वतः घरी आले. उपरणे, हातात मोगऱ्याचा गजरा, तो त्यांनी कमलाकडे दिला. मला म्हणाले, “मुळ्येसाहेब, आपल्या दोन ओळींनी तंबू ओसंडला.” मग सर्व घरासाठी खुर्चीचा कायमचा पास पुढे केला. मी तो अत्यंत तिरस्काराने घेतला.

मग मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले की तुमचे जंगल खोटे, डोंगर खोटा, आग तर सर्वांत खोटी. ते रागावले नाहीत. चहा ओतून बशीने पीत म्हणाले, “खोटी आहेच हो. कंपनीच्या मालकाच्या मेव्हण्याच्या परसात काढलंय सगळं. खरा वणवा दाखवायला रान नको का? आपल्याकडे आहे का रान?”

मी म्हटले, आहे. नाचणे गावाच्या वाटेवर माझा सडा आहे. ते म्हणाले, “मग आपण दाखवा. मी पयला येतो बघायला.”

हे ते विनोदाने म्हणाले असावेत. पण महान गोष्टींची सुरुवात पुष्कळदा दुसऱ्याच्या विनोदातून होते.

२४ एप्रिल.
पाचला उठलो. आनंदाने झोपच आली नाही. योजना तयार.

पब्लिकला लेख कळत नाही, तर त्याला प्रत्यक्ष दाखवावे. येत्या रविवारी सड्यावर जाहीर लेक्चर-डेमॉन्स्ट्रेशन: ‘वणवा: खरा आणि सिनेमातला’. प्रथम माझे भाषण, मग सड्याच्या टोकाला गवताचा एक लहानसा चौकोन पेटवून खऱ्या ज्वालेचा रंग, उंची व चाल दाखवायची. ती लाल नसते हे पब्लिक स्वतः पाहील. मग मी विचारणार, आता सांगा, अंगावर काटा कशाने येतो? टाळ्या. चिटणीसपद.

आप्पांना सांगितले. त्यांनी फक्त विचारले, कोणत्या बाजूला? मी म्हटले, कलमांपासून पुष्कळ लांब. सड्याच्या उतारावर आप्पांनी आपल्या हाताने बांधलेली हापूसची कलमे आहेत. यंदा आंबा चांगला धरला आहे. सुमेधाचे लग्न झाल्यावरची ही पहिलीच आंब्याची पेटी गुहागरला जायची, म्हणून कमला येताजाता त्या झाडांकडे बघून येते. तीही म्हणाली, आंबा उतरला की मग करा हवे तर. पण आंबा उतरेपर्यंत तंबू जाईल, मग कोणासाठी करायचे? बायकांना टायमिंग कळत नाही.

२६ एप्रिल.
तयारी जोरात. बाबल्याला गवत आणि वाळलेला पाला रचायला लावला. त्याने विचारले, राजपुत्र कोण? मी म्हटले, राजपुत्र नाही, हे शास्त्र आहे. तो म्हणाला, मग मी कुठून धावत येऊ? त्याला समजावण्यात दुपार गेली. शेवटी घोंगडी भिजवून शेजारी उभे राहण्याची परवानगी दिली. रचलेला ढीग मला फार लहान वाटला. सिनेमापेक्षा लहान दिसून कसे चालेल? वाढवायला सांगितला.

खबरदारी म्हणून पाण्याच्या घागरी ठेवल्या आहेत. एक टेबल, त्यावर पांढरे कापड, माझी भाषणाची पाने. आमच्या कोर्टाचे न्यायाधीश मुनसफसाहेब यांना आमंत्रण पोचले. नामांकित वकील येतो म्हणाले. काशीरामशेटने तर रविवारचा पहिला खेळ माझ्याकरिता बंद ठेवला. पराभव दिसू लागला की माणूस नम्र होतो.

२८ एप्रिल, रविवार सकाळ.
हवा स्वच्छ. वारा: अनुकूल, म्हणजे जवळजवळ नाहीच. स्वच्छ धोतर, काळा कोट. कमलाला म्हटले, आज रत्नागिरीच्या इतिहासात काय होणार आहे, ठाऊक आहे? ती म्हणाली, जेवून घ्या.

२९ एप्रिल.
उजव्या हाताला तूप आणि केळीचे पान. लिहिता येत नाही. डाव्या हाताने एवढेच. ऑफिसात रजा.

३० एप्रिल.
घडले ते, डाव्या हाताने का होईना, तटस्थपणे लिहून ठेवणे भाग आहे, कारण गावात भलतेच बोलले जाते.

पब्लिक प्रचंड जमले. तंबूत इतके कधी जमले नसेल. बायका एका बाजूला, राही सर्वांत पुढे. मी भाषण सुरू केले. चौथ्या पानापर्यंत उत्तम चालले होते. आदिमानव आणि अग्नी यांचा संबंध सांगत होतो. मागून लोक ‘आग, आग’ असे म्हणू लागले. मला वाटले, अनुमोदन देत आहेत. वास्तविक ते आग लावा असे म्हणत होते. मुनसफसाहेबांनी घड्याळ काढले, तेव्हा मी बाबल्याला खूण केली.

पेटले. ज्वाला पिवळी होती, हे मी ओरडून सर्वांच्या नजरेस आणले. तेवढ्यात समुद्राकडचा वारा सुटला. संध्याकाळी तो रोज सुटतो, पण सकाळी नव्हता, हे मी स्वतः पाहिले होते. ढीग वाजवीपेक्षा मोठा झाला होता (बाबल्याची चूक). वाळका पाला उडून चौकोनाबाहेर पडला आणि सड्यावरच्या गवताने पेट घेतला. ते गवत इतक्या झपाट्याने जळते याची मला शास्त्रीयदृष्ट्या कल्पना होती, फक्त वेळेची नव्हती. घागरी टेबलापाशी ठेवल्या होत्या, शोभा म्हणून. मी टेबलावर चढून सूचना देत राहिलो. कोणी ऐकेना.

आग उताराला लागली, म्हणजे कलमांकडे. तेव्हा मला आप्पा दिसले. ते पब्लिकमध्ये नव्हतेच. पहिल्यापासून आपल्या झाडांपाशी जाऊन बसले होते. हातातले उपरणे ओले करून ते एकटेच गवतावर मारीत होते. धुरात दिसत, मग दिसेनासे होत. मी हाक मारली. त्यांना ऐकू गेली नसावी. मी टेबलावरून उडी मारली आणि धावलो. जळत्या गवतातून जाण्याचे कारण नव्हते, वाट होती. पण वाट लांबची होती. धोतर पेटल्याचे मला नंतर सांगण्यात आले.

पुढचे नीट आठवत नाही. कमला ओरडून बायकांना विहिरीकडे रांगेत उभे करीत होती, हे आठवते. तिचा आवाज एवढा मोठा आहे, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हते. काशीरामशेट आपल्या माणसांसह फांद्या तोडून धोपटत होते. शिरस्तेदार, वकील, वाळूत बसणारे, खुर्चीत बसणारे, सगळे एकत्र. आप्पांना मी हाताला धरून ओढले, तर ते म्हणाले, “मला सोड, झाड बघ.” मी झाड बघितले. बाबल्याने माझ्या अंगावर ओली घोंगडी टाकली आणि मला खाली पाडून वर बसला. आग विझल्यावरही तो बराच वेळ बसून होता.

उताराकडची तीन कलमे होरपळली. आंबा गळून पडला. मनुष्यहानी नाही. धोतर गेले.

१ मे.
आप्पा घरात नव्हते म्हणून सड्यावर गेलो. ते काळ्या पडलेल्या बुंध्यांना हात लावून पाहत होते. नखाने साल खरवडत. मला बघून म्हणाले, “पाऊस पडला की कडेची दोन फुटतील. मधलं गेलंन. तू चालायला लागलास त्या साली बांधलेलं होतं.” आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.  डोळ्यांत राख गेली.

उतरताना त्यांनी माझा दंड धरला होता. अर्ध्या वाटेत विचारले, काशीरामशेटनी दिलेला पास कुठे ठेवला आहेस?

गुहागरची पेटी बाजारातून घेऊन पाठवावी, असे मी सुचवले. कमला म्हणाली, पाठवलीसुद्धा. एवढेच. ‘बरं’देखील म्हणत नाही. आता ते आवडू लागले असते.

२ मे.
ऑफिसात रुजू झालो. माझ्या सायंटिफिक पद्धतीचा असा दुरुपयोग होईल असे वाटले नव्हते. जो तो मला ओपिनियन देतो आहे.

शिरस्तेदार: धूर फार, ज्वाला कमी.

नामांकित वकील: कथानक नाही. आग लागली ती कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, केवळ मूर्खपणामुळे, त्यामुळे राग कोणावर धरावा हे पब्लिकला कळत नाही.

मुनसफसाहेबांनी मला आत बोलावले. मला वाटले, नोकरीचे काहीतरी. ते म्हणाले, सुरुवात फार लांबली. धोतर पेटल्यापासून मात्र रंगत आली. मग गंभीर होऊन म्हणाले, तुमच्या वडिलांपाशी तुम्ही गेलात ते बरे केले. मी आभार मानले. आणखी एक वाक्य ते बोलले, असल्या गोष्टी पुन्हा केल्यास नोकरी राहणार नाही, पण ते सर्वसाधारण धोरण म्हणून.

राही: गाय नव्हती.

बाबल्या: त्याला पळायला जागा कमी पडली. तरी बायकांनी त्याचे नाव घेतले. तो आता मांडवीला गेला की लोक जागा करून देतात.

काशीरामशेट भेटले. त्यांनी माझा हात पाहिला, मलम कोणते लावावे ते सांगितले. मग संकोचाने म्हणाले, “साहेब, राग नका मानू. पण लोक म्हणतात, ‘अरण्यानल’मधला वणवा जास्त खरा वाटतो.”

वक्तृत्व मंडळाने चिटणीस बदलू नये असा ठराव केला. मुळात मला ते पद नकोच होते. तपकीर पुन्हा सुरू केली आहे, धुराने नाक चोंदले म्हणून. औषधी.

५ मे, रविवार, दुपार.
आज ‘अरण्यानल’चा शेवटचा दिवस. शेवटचा खेळ झाला की तंबू निघणार. घरातली सगळी गेली. आप्पा नवे उपरणे घेऊन. कमलाने हिरवे लुगडे नेसले. मी म्हटले, मीही येतो, शेवटचा अभ्यास म्हणून. ती म्हणाली, हात दुखतो ना, पडून राहा. तिने माझ्याशी सबंध वाक्य बोलण्याची ही या आठवड्यातली पहिलीच वेळ, म्हणून मी हट्ट केला नाही. पास तिघांना चालतो, पण तिसरी जागा शेजारच्या मथुराकाकूंना देऊन टाकली होती.

एकांत मिळाला हे उत्तम. या सर्व प्रकरणावर एक ग्रंथ लिहिण्याचा विचार आहे. रूपरेषा काढण्यापूर्वी थोडा चहा घ्यावा म्हणून स्वयंपाकघरात गेलो. चूल पाणी ओतून विझवलेली. चुलीशेजारच्या वैलावरसुद्धा पाणी. फडताळात काड्यापेटी नाही. देवघरात नाही. माझ्या कोटाच्या खिशातली होती, तीही नाही.

मागच्या दारी राही पायरीवर बसली होती. तिला विचारले, काड्यापेटी कुठे ठेवली आहे. म्हणाली, “वैनी पदराला बांधून घेऊन गेल्या.” दोन्ही? दोन्ही. मग म्हटले, तू इथे कशी बसलीस, आज भांडी नाहीत. ती म्हणाली, “मना बसवून ठेवलंय दादानू. तुमच्यावर नजर ठेवायला.” आणि तिने हा सिनेमा भरपूर वेळा पाहिला आहे, नाहीतर ती थांबली नसती, हेही सांगितले.

चहा कमी करण्याचा माझा विचार होताच. ताक घेतले.